टाकीखाली ठेवलेली हवा

"भाऊ, हे उरलेलं कुठं ठेवू?"

एप्रिलमधली टळटळीत दुपार, अमरावतीतल्या एका दुमजली घराची गच्ची. पत्र्याखाली ग्लासवूल, म्हणजे उष्णता अडवणारी काचेच्या धाग्यांची लोकर, बसवून झालेला कारागीर घाम पुसत विचारत होता. उत्तर खालून, कूलरच्या घरघरीतून आलं : "ठेवून दे ना टाकीखाली. लागंल कधीतरी." पाच मीटरचा रोल उरला होता. १.२ मीटर रुंद, ५० मिलिमीटर जाड, एका अंगाला चकचकीत फॉइल. त्याने तो घट्ट गुंडाळला, गुडघ्याने दाबला, सुतळीचे चार वेढे आवळले, वरून निळी ताडपत्री लपेटली आणि पाण्याच्या टाकीच्या दोन ओट्यांमधल्या सावलीत सरकवून दिला. बघणाऱ्याला वाटावं, किती निगुतीने ठेवलंय. दोन पावसाळे गेले. शेजारच्या न्हाणीवर पत्रा टाकायची वेळ आली तेव्हा बोचकं बाहेर ओढलं. सुतळी कुजून हातात आली. ताडपत्री सुटली, रोलही सुटला, पण फुलला नाही. वेढ्यांच्या जागी कंबरपट्ट्यासारख्या खाचा, कडांना काळपट डाग, आणि ओलं पोतं ट्रंकेत कोंबून ठेवल्यावर येतो तसा वास.

यातली एकही चूक निष्काळजीपणाने झालेली नव्हती, हेच खुपतं.

उरलेलं ठेवायची आपली रीत जुनी आणि पक्की आहे. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, आणि पुढे ती मंगलोरी कौलं कोकणभर चढली. तेव्हापासून घरामागच्या भिंतीला टेकून उरलेल्या कौलांची एक उभी रांग असतेच. वरून पाऊस कोसळतो, कौलांवर शेवाळ धरतं, मधून एखादी विंचवीण बिऱ्हाड करते. पण शाकारणीला कौल काढून झटकलं की ते कौलच असतं. मराठवाड्यात माळवदावर घालून उरलेली पांढरी माती अंगणाच्या कोपऱ्यात ढीग करून पडलेली असते. भिजते, वाळते, पुढच्या मृगाआधी पुन्हा वर चढते. या वस्तूंना जपावं लागत नव्हतं, नुसतं टाकून ठेवलं तरी भागत होतं. हात त्याच सवयीचे राहिले आणि माल मात्र बदलला. ग्लासवूल, थर्माकोल, एक्सपीएसच्या (दाबून काढलेल्या पॉलिस्टायरीन फोमच्या) रंगीत पाट्या, पफच्या (पॉलियुरेथेन फोमच्या) पिवळट शीट, चंदेरी बबल शीट यांतलं काहीच कौलाच्या जातीचं नाही.

कारण या जवळजवळ सगळ्यांत विकत घेतलेली खरी वस्तू हवा असते. थर्माकोलच्या शीटमध्ये शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग हवा, ग्लासवूलमध्येही पंच्याण्णवच्या वर. काच, प्लास्टिक हे फक्त त्या हवेला जागच्या जागी थोपवून धरणारं कुंपण. हवा एकदा स्थिर झाली की तिच्यासारखा उष्णतेचा आळशी वाहक सहजासहजी सापडत नाही. तिची उष्णतावाहकता ०.०२६ वॉट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास. चांगल्या ग्लासवूलची ०.०३५ च्या घरात, म्हणजे कुंपणापायी होणारं नुकसान अगदी थोडं. पाण्याची मात्र ०.६. हवेच्या जागी पाणी शिरलं, तर तेवढ्या जागेतून उष्णता बावीस-तेवीस पट सहज जाते. शिवाय पाणी स्वस्थ बसत नाही. तापलेल्या पत्र्याच्या बाजूला त्याची वाफ होते, ती गार बाजूला जाऊन पुन्हा थेंब होते, आणि प्रत्येक फेरीत उष्णतेचा हारा वरून खाली आणून ओतते. म्हणून उरलेला माल ठेवायचा म्हणजे त्यातली हवा ठेवायची. तिच्या वाईटावर तीनच गोष्टी असतात : पाणी, दाब आणि ऊन. टाकीखालच्या त्या बोचक्यावर पाणी आणि दाब दोन्ही एकदम आले, आणि ऊन लागू नये म्हणून घातलेल्या ताडपत्रीने पाण्यालाच मदत केली.

वऱ्हाडात तर याचं उलटं टोक घराघरात असतं. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या. जूनमध्ये कूलर बंद झाला की ताट्या काढायच्या, धूळ आणि क्षार झटकायचे, दोन दिवस कडक उन्हात उभ्या करायच्या, हाताला खडखडीत लागल्या की मगच माळ्यावर. ओली ताटी गुंडाळून ठेवली तर पुढच्या उन्हाळ्यात घरभर कुबट वास सुटतो, हे पोरासोरांनाही ठाऊक. गंमत अशी की ताटी ओली असली तरच कामाची आणि ग्लासवूल कोरडं असलं तरच कामाचं. पण ठेवणीच्या वेळी दोघांची गरज सारखीच. ज्या घरात ताट्यांचे इतके लाड होतात, त्याच घरात ग्लासवूलला टाकीखाली जागा मिळते. टाकी भरून वाहते, पावसाळी हवेत गार पाण्याने तिच्या पोटाला घाम सुटतो, खालची स्लॅब ओल धरते. ताडपत्री वरून येणारं पाणी अडवते, खालून येणारी वाफ मात्र आत कोंडते.

रोल भिजलाय की नाही हे हात लावून कळत नाही. वरचा थर वारा लागून सुकतो आणि फसवतो. सामान तोलायचा साधा काटा यावर उत्तम. पाकिटावर घनता छापलेली असते, समजा २४ किलो प्रति घनमीटर. लांबी, रुंदी आणि जाडी मीटरमध्ये गुणायची : ५ गुणिले १.२ गुणिले ०.०५, म्हणजे ०.३ घनमीटर. त्याला २४ ने गुणलं की ७.२ किलो. फॉइलचं अर्धा-पाऊण किलो धरा, आठ झाले. अमरावतीच्या त्या बोचक्याने काट्यावर बारा दाखवले. वरचे चार किलो म्हणजे चार लिटर पाणी. तीनशे लिटर आकारमानात चार लिटर ऐकायला किरकोळ वाटतं, पण तेवढं पाणी मघाशी सांगितलेल्या हाऱ्यांना पुरून उरतं. असा रोल तसाच पत्र्याखाली चढवला तर उष्णता येते ती येतेच, शिवाय पत्रा खालून गंजायला लागतो.

वाळवता येतो का? येतो, पण वेळेत हात घातला तर. रोल पूर्ण उलगडायचा, बाजेवर किंवा बांबूंच्या चौकटीवर, खालूनही वारा लागेल असा. फॉइल खाली, कापसाळलेली बाजू वर. पिळायचा नाही, झोडपायचा नाही, पंख्याचा वारा चालतो. रोज तोलत राहायचं, आणि सलग दोन दिवस वजन जिथल्या तिथे राहिलं की वाळला. काचेचे धागे पाण्याने बिघडत नाहीत. बिघडतो त्यांना एकमेकांशी बांधून ठेवणारा डिंक. ग्लासवूलमध्ये तो बहुधा फिनॉल-फॉर्माल्डिहाइड जातीचा राळेसारखा पदार्थ असतो. एकदा भिजून लगेच वाळलं तर तो तग धरतो. महिनोन्महिने ओलीत, त्यातही गरम ओलीत राहिला की त्याची पकड सुटते, धागे बसतात आणि उठत नाहीत. फॉइलच्या आतला क्राफ्ट कागद भिजून सुटला किंवा त्यावर बुरशी धरली, तर तो तुकडा घरात घ्यायचा विचारच सोडावा. फॉइलला नुसती चीर असेल तर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावून भागतं.

दाबाचं दुखणं जास्त लबाड, कारण त्याला वास नसतो आणि डागही नसतो. कापसाची गादी दहा वर्षं पाठीखाली चपटी होते, मग दारावर धनुकलीचा टणत्कार घुमतो, पिंजारी अंगणात बसतो आणि संध्याकाळपर्यंत त्याच कापसाचा डोंगर होतो. आपल्या मनात प्रत्येक मऊ वस्तूबद्दल हीच खात्री बसलेली असते, की चपटी झाली तर पुन्हा फुलवू. ग्लासवूलला पिंजारी नाही. कारखान्यातून रोल दाबून येतो हे खरं, आणि पिशवी फाडताच फुगून छापलेली जाडी गाठतो हेही खरं. पण तो दाब यंत्राने मोजून दिलेला असतो आणि ठराविक काळापुरता असतो. एकदा फुललेला माल पुन्हा गुडघ्याखाली घेऊन सुतळीने आवळला की धाग्यांचे सांधे तुटतात. हिशेब अगदी उघडा आहे. ५० मिलिमीटर जाडीचा रोध, म्हणजे उष्णता अडवायची ताकद, ०.०५ भागिले ०.०३५, साधारण १.४. तोच थर २५ मिलिमीटरवर बसला तर घनता वाढून वाहकता थोडी सुधारते, ०.०३२ धरू, तरी रोध येतो ०.७८. पैसे दोन इंचांचे दिले आणि छतात एक इंच गेला. म्हणून उघडलेला रोल सैल गुंडाळायचा, फॉइल बाहेर ठेवून, आणि सुतळीऐवजी चार बोटं रुंद कापडी पट्टी नुसती धरेल इतपत बांधायची. कापलेले तुकडे आडवे, एकावर एक, आणि त्यांच्यावर काहीही नाही. रिकामी सूटकेसही नाही.

पिशवीचंही असंच. मूळ पिशवी सापडली तर सोन्याहून पिवळं, नाहीतर जाड प्लास्टिकची चालते. पण बंद कधी करता याला महत्त्व आहे. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत माल भरून तोंड बांधलं तर ती हवाच आत राहते. भर जुलैत, भिंतींना ओल सुटलेली असताना पिशवी चिकटपट्टीने हवाबंद केली, की पावसाळाच आत कोंडला म्हणायचा. रात्री गारवा पडला की त्याच वाफेचे थेंब प्लास्टिकच्या आतल्या अंगाला धरतात. पावसाळ्यात ठेवायची वेळ आलीच तर तोंड जरा उघडं, खालच्या बाजूला वळवून ठेवावं, आणि दिवाळीच्या सफाईत काढून, तोलून मग बंद करावं.

हे सगळं करताना पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, चष्मा आणि एन-९५ मास्क. अंगाला खाज सुटते ती धाग्यांच्या टोचण्याने, विषाने नव्हे. गार पाण्याने आधी नुसतं धुवावं, चोळू नये, आणि ते कपडे इतर धुण्यात घालू नयेत. ग्लासवूलने कर्करोग होतो ही भीती अजून फिरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००१ साली इमारतींत वापरल्या जाणाऱ्या ग्लासवूलला संशयितांच्या यादीतून काढून तिसऱ्या गटात टाकलं, म्हणजे माणसाला कर्करोग होतो असं म्हणण्याइतका पुरावा नाही. अर्थात म्हणून तोंड न बांधता झटकायला बसावं असं नाही.

पाट्यांची तऱ्हा निराळी. एक्सपीएस पाण्याला फारसं दाद देत नाही, थर्माकोल थोडं पितं, पण दोन्ही मुळात पॉलिस्टायरीन, आणि दोघांचा वैरी ऊन. गच्चीत उघडी पडलेली शीट काही आठवड्यांत पिवळी पडते आणि बोट फिरवलं की भुकटी निघते. ती भुकटी चिवट ब्रशने पूर्ण झाडून मगच लावायची, नाहीतर त्यावरचं प्लास्टर किंवा चिकटद्रव्य शीटला न धरता भुकटीला धरतं आणि पहिल्याच वर्षी सुटतं. ऊन लागू नये म्हणून लोक झाकतात, आणि इथेच फसगत होते. काळी ताडपत्री किंवा पारदर्शक प्लास्टिक मे महिन्यात भट्टीचं काम करतं. ७५-८० अंशांच्या पुढे पॉलिस्टायरीन नरम पडतं, आणि वऱ्हाडच्या उन्हात काळ्या प्लास्टिकखाली तिथवर जायला फार वेळ लागत नाही. पाटी वितळत नाही, पण पापडासारखी वाकते. वाकलेली पाटी स्लॅबला सपाट बसत नाही, खाली पोकळी राहते आणि त्या पोकळीत हवा खेळते. त्याऐवजी पांढरी, अपारदर्शक ताडपत्री, बाजूंनी वारा जाईल अशी सैल. नाहीतर सरळ सावलीतली खोली.

पाट्या नेहमी आडव्या ठेवाव्यात. भिंतीला तिरक्या टेकवलेल्या पाट्या सहा महिन्यांत धनुष्य होतात. खाली थेट विटा ठेवल्या तर विटेच्या कडांचे व्रण उठतात, म्हणून विटांवर फळी आणि फळीवर पाट्या, जमिनीपासून वीतभर उंच. वजन हलकं असतं. १२५० बाय ६०० मिलिमीटरची ५० मिलिमीटर जाड एक्सपीएस पाटी जेमतेम सव्वा किलोची, अवकाळीच्या पहिल्या वावटळीत शेजारच्या आळीत जाऊन पडते. तिला बांधायचं ते रुंद पट्टीने, आणि दोरी लावायचीच तर कोपऱ्यांवर पुठ्ठ्याचे तुकडे घालून.

आणि एक गोष्ट जी दुकानदारही सांगत नाहीत : थर्माकोलवर वायरचं गुंडाळं ठेवू नये. पीव्हीसी वायरीला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य हळूहळू थर्माकोलमध्ये उतरतं. थर्माकोल चिकट होऊन खचतं आणि वायर कडक होऊन तडकते. दोन्ही उरलेल्या वस्तू एकाच खोक्यात, आणि दोन्ही बाद. थिनर, पेट्रोल, रबराचं सोल्युशन यांच्या नुसत्या वाफेनेही थर्माकोलला खड्डे पडतात. रंगाचे उरलेले डबे वेगळ्या फडताळात.

पफच्या शीटमध्ये साधी हवाही नसते. तिच्या बारीक बंद पेशींत हवेपेक्षाही मंद वाहक असलेला वायू भरलेला असतो, म्हणून तर ती थोड्या जाडीत जास्त काम करते. हा वायू वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर झिरपतो आणि बाहेरची हवा आत येते. दोन्ही अंगांना फॉइल असेल तर झिरपणं फार मंद, पण करवतीने कापलेली कड उघडी असते. कापल्या दिवशीच त्या कडेवर ॲल्युमिनियमची पट्टी मारली तर ठेवणीतला तुकडा बऱ्यापैकी नवा राहतो. स्प्रे-फोमचा उरलेला डबा मात्र उभाच ठेवायचा. आडवा पडला की तोंडाशी फोम धरतो आणि झडप चिकटते. पन्नास अंशांच्या वर तो फुटू शकतो, म्हणजे गाडीची डिकी आणि पत्र्याखालचा माळा दोन्ही बाद. चंदेरी बबल शीटला दोनच पथ्यं : वर वजन नको, नाहीतर बुडबुडे बसतात, आणि सिमेंटच्या पोत्याशेजारी जागा नको. ओल्या सिमेंटचा क्षार ॲल्युमिनियम खातो, आणि चमक गेली की ती शीट नुसतं पॅकिंगचं प्लास्टिक.

मग ठेवायचं कुठे? लोकांची पहिली पसंती जिन्याखाली, जिथे विजेचा मीटर, इन्व्हर्टरची बॅटरी आणि जास्तीचं सिलिंडर आधीच नांदत असतं. थर्माकोल आणि पफसाठी याहून वाईट जागा नाही. एक ठिणगी पडली तर काळा दाट धूर सगळ्यात आधी जिनाच भरतो, आणि पफच्या धुरात हायड्रोजन सायनाइड असतं. बाहेर पडायची वाट आणि या वस्तू यांची गाठ कधीही घालू नये. ग्लासवूलची काच जळत नाही, त्यामुळे तेवढी भीती नाही. उंदीर-घुशी यातलं काही खात नाहीत, पण कुरतडून घर करतात. वाळवी थर्माकोलमधून सुरेख बोगदे काढते. म्हणून भिंतीपासून चार बोटं सुटं, खालून झाडू फिरेल असं, आणि महिन्यातून एकदा डोकावता येईल अशा ठिकाणी. सज्जा नको, न्हाणीवरचा माळा नको. मधल्या खोलीतला माळा, ज्याच्यावर स्लॅब आहे आणि ज्याला बाहेरची भिंत नाही, तो सर्वांत चांगला.

आणि मुळात सगळंच ठेवायला हवं असं कुठे आहे? दोन फुटांहून लहान तुकडे ठेवू नयेत असं माझं स्पष्ट मत. प्रत्येक सांधा म्हणजे उष्णतेला एक फट. दहा तुकड्यांचं ठिगळ एका अखंड पट्ट्याची बरोबरी करत नाही. एखाद्या दुरुस्तीपुरता, म्हणजे दोन-तीन चौरस मीटर माल ठेवावा, बाकीचा कारागिरालाच देऊन टाकावा, त्याच्या पुढच्या कामात तो ताजा ताजा वापरला जातो. ठेवलेल्यावर पाकिटाचा छापील कागद चिकटवायचा : जाडी, घनता, वाहकता, मानकाचा क्रमांक. ग्लासवूलवर आयएस ८१८३ दिसेल, थर्माकोलवर आयएस ४६७१, पफवर आयएस १२४३६. खाली मार्करने तारीख आणि ठेवतानाचं वजन. चार वर्षांनी घरातल्या कुणालाही काट्यावर टाकून ताडता येतं, आणि दुकानात "तसलंच द्या" म्हणावं लागत नाही. घनता वेगळी निघाली की नवा-जुना माल जाडीला जुळत नाही, आणि तेव्हा तो कागद आठवतो.

अमरावतीचं ते बोचकं चार दिवस बाजेवर वाळलं. बाराचे आठ किलो झाले. वजन परत आलं, जाडी आली नाही. विणायची सुई टोचून मोजलं : मध्यभागी ४५ मिलिमीटर, सुतळीच्या खाचांत २०. डागाळलेल्या कडा आणि चारही खाचा कापून बाजूला काढल्या तेव्हा फूटभर, दीडफूट रुंदीच्या पट्ट्या हाती आल्या, आणि एकच मीटरभराचा तुकडा धड निघाला. तो वेढ्यांच्या आतला, गाभ्यातला. पट्ट्या न्हाणीच्या पत्र्याखाली शेजारी शेजारी बसवल्या, प्रत्येक सांध्यावर चंदेरी चिकटपट्टी. न्हाणीत कुणी दुपारभर बसत नाही, तिथे चाललं. राहत्या खोलीवर हे केलं असतं तर एप्रिलने लगेच पावती दिली असती. धड तुकडा मात्र वाया घालवू नये म्हणून कारागिराने वेगळा ठेवला, सैल गुंडाळला, आणि खाली हाक मारली, "भाऊ, हे?"

या वेळी उत्तर यायला वेळ लागला. मग मधल्या खोलीतून स्टूल ओढल्याचा आवाज आला. मार्च संपत आला होता, कूलरच्या ताट्या सकाळीच उतरवल्या होत्या, आणि माळ्यावर तेवढी जागा रिकामी होती. जूनपर्यंत तरी.